अर्ध्यावर थांबलेल्यांची वर्षे जमेस धरा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांचे माननीय कुलगुरू यांस,



भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मी नव्या अप्रेंटिस मुलांना शिकवतो. आयटीआय करून आलेली असतात, तशी बारावीच्या कागदावर थेट आलेलीही असतात. या थेट आलेल्यांत काहींचे वय आणि कागद जुळत नाहीत. अर्जावर ‘बारावी उत्तीर्ण’, वय एकवीस. विचारले की हळूहळू कळते: इंजिनिअरिंगला किंवा बी.एस्सी.ला होता, केटी साचल्या, घरची कमाई थांबली, कॉलेज सुटले. मधल्या वर्षांबद्दल तो स्वतःहून बोलत नाही. मी त्या वर्षांबद्दल लिहितो आहे.

घरचे म्हणतात, वर्षे वाया गेली. मला ती रोज कामात दिसतात. सुरुवातीला बेंचवर सगळे सारखेच. कानशीने लोखंडाचा ठोकळा काटकोनात आणायचा, गुण्या लावून उजेडासमोर धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचे. इथे आयटीआयवाला पुढे असतो, कॉलेजातून आलेल्याचे खांदे भरून येतात. मग लेथवर टेपर टर्निंग येते. मोठा व्यास, लहान व्यास आणि लांबी देऊन कंपाउंड स्लाइड किती अंशांत फिरवायची असे विचारले, की गणितात केटी लागलेला हाच मुलगा टॅन थीटा मांडून कोन काढतो आणि तोच कोन का, हे शेजारच्याला समजावूनही सांगतो. हे तो तुमच्याच वर्गात शिकला.

कागदावर मात्र त्याची नोंद नाही. शिकाऊ उमेदवारीच्या २०१९च्या सुधारित नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणावर ठरवले: बारावीला महिना ७००० रुपये, पदविकेला ८०००, पदवीला ९०००. तिसऱ्या वर्षात जाऊन थांबलेला मुलगा बारावीच्याच रांगेत. हजार-दोन हजारांचा फरक त्याच्या घराला मोठा आहेच. पण विद्यापीठात काढलेल्या वर्षांची किंमत शून्य, हे त्याला सही करतानाच कळते, ते जास्त लागते.

तुमच्या हाती उपाय आहे, म्हणून तुम्हाला लिहितो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. २०२१पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभाही आहे. प्रमाणपत्रासाठी अट अशी की पहिल्या वर्षाच्या ४० क्रेडिटवर आणखी ४ क्रेडिटचे कौशल्याचे काम किंवा इंटर्नशिप पूर्ण करायची. ठरवून बाहेर पडणाऱ्याला हे जमेल. पण आमच्याकडे येणारी मुले ठरवून बाहेर पडलेली नसतात. एक परीक्षा चुकते, पुढच्या सत्राची फी भरली जात नाही, लाजेने मित्रांचे फोन उचलणे बंद होते, आणि कधीतरी तो यायचाच थांबतो. त्याला कोण सांगणार की तुझे क्रेडिट जमा आहेत?

ते ४ क्रेडिट त्याला शिकाऊ उमेदवारीतून मिळू द्या. काय शिकवले, किती तास, हजेरी किती, हे सारे आम्ही लिहून ठेवतो. तुम्ही मागायचा अवकाश. यात आणखी एक फायदा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. काही मालक अप्रेंटिसला स्वस्त मजूर समजतात. मशीन दाखवतात, शिकवत नाहीत, वर्षभर पॅकिंगला लावतात. तुमचे क्रेडिट त्यात असले, तर ‘पोराला काय शिकवलेत?’ असे कारखान्यात येऊन विचारण्याचा हक्क तुमच्या प्राध्यापकांना मिळेल. आज तो प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

कागदपत्रांचेही सांगायला हवे. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये बजावले आहे. तरी ‘उरलेली फी भर, मग मार्कलिस्ट ने’ असे उत्तर मिळालेला मुलगा माझ्यासमोर बसला आहे. कामावर यायला तो तयार आहे, करारासाठी कागद नाहीत.

जागा नाहीत असे नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कॉलेजचा प्लेसमेंट सेल मात्र शेवटच्या वर्षाच्या मुलांपुरता चालतो, आणि दुसऱ्या वर्षात गळालेली मुलगी त्यांच्या यादीत कुठेच नसते.

म्हणून मागणी एवढीच आहे. प्रत्येक संलग्न महाविद्यालयात एका माणसावर ही जबाबदारी टाका. सत्र सुरू होऊन महिना झाला की न आलेल्यांची यादी त्याने काढावी आणि प्रत्येकाला, गरज पडली तर घरी जाऊन, गाठावे. सोबत क्रेडिटचा उतारा असावा, मूळ कागद असावेत आणि जवळच्या एमआयडीसीत शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कारखान्यांची नावे असावीत. आमच्या भागातली नावे मी स्वतः जमवून देईन.

आपला नम्र,
टूलरूममधला एक प्रशिक्षक, भोसरी