पैसे कट झाले, पोचले नाहीत: हा नियम जावात मराठीतून तपासता येतो!

खात्यातून पैसे कट, पण समोरच्याला मिळालेच नाहीत. यूपीआय वापरणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच यासाठी मुदत ठरवून दिलीय. मित्राला पाठवलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी मुदत ५ दिवसांची.

आता हा नियम कोडमध्ये उतरवणाऱ्या प्रोग्रामरचा विचार करा. 'दुसरा दिवस' म्हणजे कामाचा दिवस की कॅलेंडरचा? शनिवारी पैसे अडकले तर रविवार धरायचा का? परिपत्रकात कॅलेंडरची तारीख म्हटलंय, म्हणजे रविवार धरायचाच. पण प्रोग्रामरने सवयीने सुट्ट्या वगळल्या आणि टेस्टही त्यानेच त्याच समजुतीने लिहिली, तर टेस्ट पास होणार आणि तुमचे पैसे अडकणार.

इथेच बीडीडी, म्हणजे बिहेविअर ड्रिव्हन डेव्हलपमेंट कामाला येतं. डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास 'टेस्ट' या शब्दाऐवजी 'वागणूक' मांडायला सुरुवात केली आणि जावासाठी जेबिहेव हे टूल बनवलं. आज जास्त चालतं ते कुकम्बर. त्यात अॅपने कसं वागायचं ते आधी साध्या वाक्यांत लिहितात. आणि हो, त्याचे मुख्य शब्द मराठीतही आहेत! फाईलच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड 'एमआर' दिला की असं लिहिता येतं:

सुविधा: अडकलेले पैसे परत
परिदृश्य: शनिवारी पैसे अडकले
जर शनिवारी खात्यातून ५०० रुपये कट झाले
पण समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत
जेव्हा रविवार संपतो
तेव्हा ५०० रुपये परत आलेले असावेत

हे बँकेतला माणूसही वाचू शकतो आणि 'अहो, भरपाईचं राहिलं' असं सांगू शकतो. मला यातली खरी कमाई हीच वाटते.

सेटअपला फार वेळ लागत नाही. इंटेलिजे किंवा एक्लिप्समध्ये मेव्हनचा प्रोजेक्ट उघडा, कुकम्बर-जावा आणि जेयुनिटशी जोडणारं त्याचं इंजिन डिपेंडन्सीत टाका, एडिटरला कुकम्बरचं प्लगइन द्या. वरची फाईल टेस्टच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये जाते. प्रत्येक वाक्यासाठी जावाची एक मेथड लिहायची, तिला स्टेप डेफिनिशन म्हणतात. मेथड नसेल तर कुकम्बर स्वतःच तिचा साचा छापून देतो. त्या साच्यात 'काम बाकी आहे' असं सांगणारी एक ओळ असते. ती ओळ उडवून मेथड रिकामी ठेवली, तरी पायरी हिरवी होते! काहीच तपासलं नाही, तरी पास. रिपोर्ट हिरवागार दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका.

दुसरा घोळ म्हणजे 'लॉगिन बटण दाबा, मग रक्कम टाका, मग ओके दाबा' अशी परिदृश्यं. त्यात नियम कुठेच नसतो, आणि स्क्रीन बदलली की सगळं मोडतं.

सध्या कोड एआयकडून लिहून घेण्याची लाट आहे, टेस्टसुद्धा. माझा आक्षेप टेस्टला आहे. एआयने आपलाच कोड बघून टेस्ट लिहिली, तर ती कोड जे करतोय तेच बरोबर धरून चालते, रविवार वगळला असला तरी. स्टेप डेफिनिशन खुशाल एआयला लिहू द्या. पण 'जर, जेव्हा, तेव्हा'ची वाक्यं परिपत्रक वाचलेल्या माणसानेच लिहावीत, आणि कोड लिहायच्या आधी.