सर्व्हर पडला तर लोड बघतात, डॉक्टर कोसळली तर तिचं मन!

माझी धाकटी बहीण सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. गेल्या रमजानमध्ये सलग ३६ तासांची ड्युटी करून ती घरी आली आणि इफ्तारला बसल्या बसल्या, खजूर हातात असतानाच झोपली. अम्मी म्हणाली, "खिदमतचं काम आहे बेटा, सबर कर." त्याच आठवड्यात तिच्या विभागात ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा झाली. ड्युटी संपल्यावर, सक्तीची. श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं म्हणे.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सर्व्हर पडला तर आधी त्यावर लोड किती होता ते बघतात. सर्व्हरला कुणी सकारात्मक विचार करायला सांगत नाही. (तिथल्या माणसांना मात्र सांगतात, हे कबूल.)

बर्नआउट म्हणजे मनाचा कच्चेपणा, हा समजच उलटा आहे. ग्लेन गॅबार्ड या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८५ साली डॉक्टरांच्या स्वभावातल्या तीन गोष्टी दाखवल्या: स्वतःबद्दल शंका, अपराधीपणा आणि जबाबदारीची अवाजवी जाणीव. चांगला डॉक्टर घडतो तोही यांच्यातूनच. शंका येते म्हणून माझी बहीण डोस पुन्हा तपासते. अपराधी वाटतं म्हणून ताप असतानाही रजा टाकत नाही. जबाबदारी वाटते म्हणून ड्युटी संपल्यावरही पेशंटपाशी थांबते. व्यवस्था नेमकी यावरच जगते. रिकाम्या जागा भरल्या नाहीत तरी चालतं, कारण उरलेले डॉक्टर 'नाही' म्हणणार नाहीत हे वरच्यांना पक्कं ठाऊक असतं. मग एक दिवस तिच्या बोलण्यातून पेशंटचं नाव जातं आणि "सात नंबर बेड" उरतो. लोक म्हणतात, डॉक्टर निष्ठुर झाली. अहो, तिच्या मनाने जीव वाचवायला दार लावून घेतलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच स्पष्ट केलं की बर्नआउट हा आजार नाही, तो कामाच्या ठिकाणच्या ताणातून येतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरांसाठी सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने सुचवलेली मर्यादा किती? आठवड्याला ७४ तास! आणि हिला आपण सुधारणा म्हणायचं.

आपणही कमी नाही. मोहल्ल्यातली पहिली डॉक्टर म्हणून तिचा सत्कार करतो आणि रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे पाठवतो. उत्तर आलं नाही की, "डॉक्टर झाली, आता कुठे ओळखते!" म्हणजे तिच्या अपराधीपणावर आपलंही फुकट ओपीडी चालतं. सबर तिनेच का करावा? सकाळपर्यंत आपणही करू शकतो.

निवासी डॉक्टर पुन्हा संपावर गेले तर 'पेशंटचे हाल' एवढंच फॉरवर्ड करू नका. ड्युटीचा तक्ता मागा. सरकारी रुग्णालयाकडून तो माहिती अधिकारात मागता येतो. मी अर्ज टाकलाय. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. तिला अपराधी वाटेल.