शेडची वायर आणि आपली सही

सुरतहून महामार्गाकडे निघाले की कामरेजच्या आसपास रो-हाऊसच्या सोसायट्या लागतात. घराच्या मागे किंवा गच्चीवर पत्र्याची शेड आणि तिच्यात काही ना काही काम चालू, हे इथले नेहमीचे चित्र. कुठे एम्ब्रॉयडरीचे मशीन, कुठे हिऱ्याची घंटी, कुठे सुताराची करवत, तर कुठे वेल्डिंगचा सेट. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरतेत येऊन वायरिंगच्या कामात स्थिरावलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. हा अंक विशेषतः त्यांच्यासाठी आहे.

घरमालकाची मागणी बहुधा ठरलेली असते. "भाऊ, आतल्या एसीच्या पॉइंटवरून एक लाइन ओढून द्या, मशीन एकच आहे." या मागणीला नकार द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेडला मीटरजवळच्या मेन बोर्डापासून स्वतंत्र फीडर, शेडमध्ये स्वतःचा डीबी, स्वतःची आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग हवेच. यातले काही गाळून दर कमी करणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाचवणे नव्हे.

आधी वायरचा हिशेब करू. मीटरपासून वळणे घेत मागच्या शेडपर्यंत जाताना ४० मीटर सहज होतात. जाऊन-येऊन ८० मीटर तांबे. अडीचच्या फ्लेक्झिबल वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम धरला, तर या लाइनचा रोध ०.६४ ओहम होतो. १६ अँपिअरला १० व्होल्ट गळतात. वायर तापली की आणखी थोडे जास्त. एवढे चालून जाईल असे वाटते. पण २ एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना ५० अँपिअरच्या आसपास ओढते. त्या क्षणी ३२ व्होल्ट जातात आणि मोटरला १९८ च मिळतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे सुरू होण्याची ताकद चौथ्या हिश्शाने कमी झाली. मोटर घुरघुरते, उचलत नाही, वाइंडिंग तापते आणि ग्राहक मोटर बनवणाऱ्याला दोष देतो. सहाची वायर टाकली तर तोच ड्रॉप १३ व्होल्टांवर येतो. मशीनचा रनिंग करंट पाहून वायर ठरवणाऱ्यांनी स्टार्टिंगचा हा आकडा एकदा मांडून पाहावा.

याहून गंभीर बाब अर्थिंगची आहे. नियमाप्रमाणे वीज कंपनीने ग्राहकाच्या जागी अर्थ टर्मिनल द्यायचे असते. ते असेल तिथे जोडून घ्याच. पण पुष्कळ शेडमध्ये एक रॉड ठोकून काम भागवलेले असते. समजा त्या रॉडचा रोध ५ ओहम आहे, जो अनेकांना उत्तम वाटतो, आणि ट्रान्सफॉर्मरकडचा १ ओहम. मशीनच्या बॉडीला फेज लागला, तर वायरचा रोध धरून करंट वाहील सुमारे ३७ अँपिअर. फीडरवर ३२ ची एमसीबी आहे. मानकानुसार ती तासाभरात पडलीच पाहिजे असा करंट आहे ४६ अँपिअर. म्हणजे ३७ अँपिअर वाहत राहिले आणि एमसीबी तासभर पडली नाही, तरी तिच्यात काही दोष नाही. तिला हा फक्त थोडा जादा लोड वाटतो. तेवढा वेळ मशीनची बॉडी १८० व्होल्टांच्या वर राहते आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला कारागीर तिला हात लावून काम करतो. अर्थिंग केले, एमसीबी बसवली, आता काळजी नाही, हा समज या हिशेबात टिकत नाही. अशा ठिकाणी माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत पडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे.

"आरसीसीबी सारखी पडत होती, म्हणून डायरेक्ट केली." हे वाक्य आपल्या धंद्यातून जायला हवे. सारखी पडण्याचे कारण बहुतेक वेळा वायरिंगमध्येच सापडते. शेडचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो किंवा आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र आलेले असतात. न्यूट्रल वेगळा करा, ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किट तपासा, १ मेगाओहमच्या खाली असेल ते शोधून काढा. शेडला वेगळी आरसीसीबी असली की मशीनच्या गळतीने घरातला फ्रिज बंद पडत नाही आणि ती डायरेक्ट करण्याचा मोहही होत नाही. शेडमधल्या दिव्याचे सर्किट मशीनपासून वेगळे ठेवा. करवत फिरत असताना अंधार झाला तर बोटे जातात.

वायर अंगणातून नेत असाल तर आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल, वाळू आणि विटांखाली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतचा मोठा भाग बुडाला होता. तापीकाठच्या या पट्ट्यात डीबी कमरेच्या उंचीवर लावू नये. आणि तो दाराजवळच हवा. २४ मे २०१९ रोजी कामरेजच्या वाटेवरच्या सरथाण्यात तक्षशिला आर्केडला आग लागून २२ जणांचा जीव गेला, बहुतेक शिकवणीला आलेली मुले. लाकूड, फोम, कापडाच्या कात्रणांनी भरलेल्या एका दाराच्या शेडमध्ये बोर्ड आतल्या भिंतीवर लावणाऱ्याने ती इमारत आठवावी.

ग्राहकाला आणखी एक गोष्ट आपणच सांगायला हवी. घरगुती जोडणीवर धंदा चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दराने होते आणि वापर कधीपासून ते ठरवता आले नाही, तर तपासणीआधीच्या १२ महिन्यांची. दक्षिण गुजरात वीज कंपनीकडे वापराचा प्रकार आणि लोड बदलून घेण्याचा अर्ज त्यापेक्षा फार स्वस्त पडतो. त्या अर्जासोबत जाणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाची सही असते. सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना नसताना दुसऱ्याच्या सहीवर काम उरकण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही. काम करणाऱ्याने परवाना काढावा आणि सही करणाऱ्याने जागेवर जावे.

पुढच्या शेडच्या कामाला निघताना मेगरसोबत अर्थ टेस्टरही घ्या, आरसीसीबीचे टेस्ट बटण ग्राहकाच्या हातून दाबून घ्या आणि रीडिंग अंदाजाने न भरता मोजून लिहा.