गॅस संपत नाही

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. माळ्यावरचा माठ खाली यायचा आणि गाडी ‘गॅस भरायला’ जायची. गाडीचा एसी गरम हवा फेकतोय म्हटलं की नेहमीच्या गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळायचं, "गॅस संपलाय मॅडम, अर्ध्या तासात भरून देतो." दीड-दोन हजार द्यायचे, गार हवेत घरी यायचं. चार उन्हाळे मी हे इमानेइतबारे केलं. गॅस संपतो म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न कधी डोक्यातच आला नाही.

आला तो २०२३ च्या मे महिन्यात. अकोल्याला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आई आणि मी पुण्याहून गाडीनेच निघालो. गॅस महिन्याभरापूर्वीच भरलेला, त्यामुळे मी निर्धास्त. जालना मागे पडलं आणि जाळीतून येणारी हवा आधी कोमट, मग चक्क गरम. काचा उघडल्या तर बाहेरून भट्टीच! आईने ओला टॉवेल डोक्यावर घेतला, पर्समधला कांदा चाचपला आणि म्हणाली, "आमच्या वेळी कुठे होते एसी?" मग बोलायचीच थांबली. माझी आई बोलायची थांबते म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगायला नको. चिखलीत उतरताना तिचे पाय लटपटले. तिथल्या डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं, सलाईन लावलं. ते थेंब मोजत मी दोन तास बसून होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला भर मे महिन्यात दुपारी रस्त्यावर आणायची अक्कल माझीच, हे कबूल. पण एसीचं काय?

दुसऱ्या दिवशी अकोल्यात दादाने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेलं. मी आपलं पाठ झालेलं वाक्य म्हटलं, "गॅस संपलाय बहुतेक, भरून द्या." तो माणूस हसला. "गॅस का जळते काय ताई? ते काई पेट्रोल थोडीच हाय!"

एवढं साधं! तो गॅस बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना आतली उष्णता शोषून घेतो, आणि परत कॉम्प्रेसरकडे. खर्च कुठेच होत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो, ते ठीक. पण दर उन्हाळ्यात कमी होतो म्हणजे कुठेतरी भोक आहे. फार कमी झाला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही, आणि आपल्याला नुसता पंख्याचा गरम वारा मिळतो.

त्याने बॅटरी घेऊन जोड तपासले. गॅसबरोबर थोडं तेलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटते. कंडेन्सरच्या जोडापाशी तसा काळा डाग होता. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला, तर टपोरे बुडबुडे! आतली रबरी रिंग कडक होऊन चपटी झाली होती. तिची किंमत दोन कटिंग चहांइतकी. मग अर्धा तास व्हॅक्यूम लावून नळ्यांमधली हवा आणि ओल काढली आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे ४०० ग्रॅम गॅस वजन करून भरला. (जास्त भरला तरी गारवा कमीच होतो म्हणे. मी आजवर "थोडा जास्तच टाका" सांगायचे!)

गरम हवेचं कारण नेहमी गळतीच असतं असं नाही. चालत्या गाडीत गार आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा आधी पाहावा. पण तेही तपासल्याशिवाय कसं कळणार? माझं भांडण नेमकं या न तपासण्याशी आहे. गळती शोधायला अर्धा दिवस जातो, गॅस भरायला अर्धा तास. आणि आपणही "किती होतील आणि किती वेळ लागेल" याच्यापलीकडे काही विचारत नाही. अहो, शोधायचे पैसे घ्या की! डॉक्टर तपासणीची फी घेतातच ना?

शिवाय तो निसटलेला गॅस जातो कुठे? बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापवतो. म्हणजे गाडीतले ४०० ग्रॅम हवेत सोडणं आणि सुमारे अडीचशे लिटर पेट्रोल जाळणं, सारखंच. असे वायू कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. आणि मी मात्र इथे प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन वाळवत होते. असो.

गाडीतला गॅस आधी खेचून घेणारं आणि त्याचं वजन दाखवणारं मशीन आता पुष्कळ ठिकाणी असतं. माझी मागणी एवढीच, की किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, हे दोन आकडे बिलावर लिहा. निम्माच निघाला तर पुढचं गिऱ्हाईकालाही कळेल.

या एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सवयीने ‘एसी गॅस’ लिहिलं. म्हटलं, आधी आत किती आहे ते सांग. "मॅडम, असं कोणी विचारत नाही." मी खुर्ची ओढून बसले. त्याने कुरकुरत मशीन जोडलं.

३८५ ग्रॅम निघाले.