‘कर्णिका’ भंगारात का गेली?

पॅरिसचं पाँपिदू सेंटर उभारणाऱ्या वास्तुरचनाकारांपैकी रेंझो पियानो हा मूळचा जेनोआचा, म्हणजे बंदराच्या गावचा. प्रवासी जहाजाचं बाह्यरूप ठरवण्याचं काम आलं तेव्हा त्याने डॉल्फिन डोळ्यांपुढे ठेवला. नाळेच्या वर गोलसर, पुढे आलेलं कपाळ आणि त्या कपाळाच्या आत समोर समुद्र दिसणारं भलंमोठं दालन. इटलीत मोनफाल्कोनेच्या गोदीत बांधलेलं हे २४५ मीटर लांबीचं जहाज १९९० मध्ये ‘क्राऊन प्रिन्सेस’ नावाने सेवेत आलं. नामकरण सोफिया लॉरेनच्या हस्ते झालं.

पुढे नव्या जहाजांत बाल्कनीवाल्या खोल्यांची चढाओढ लागली आणि ही रचना मागे पडली. पण जहाज थांबलं नाही. जर्मनांसाठी ‘आरोझा ब्लू’ आणि ‘आयडाब्लू’, ब्रिटिशांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’, ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युवेल’. नाव बदलायचं, डागडुजी व्हायची, फेऱ्या सुरू.

एप्रिल २०१९ मध्ये ते जलेश क्रूझेसची ‘कर्णिका’ होऊन मुंबईत दाखल झालं. गोव्याला समुद्रमार्गे, तेही थाटात जायचं म्हणून मुंबईकर हौसेने चढले. वर्षभरात कोरोना आला. जहाज मुंबईत अडकलं, खलाशी त्यावरच राहिले आणि पगार थकल्याची त्यांची तक्रार वर्तमानपत्रांत आली. कंपनीने गाशा गुंडाळला. थकलेल्या देण्यांपोटी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जहाजाचा लिलाव झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला चढवलं गेलं.

जहाज म्हातारं झालं होतं, असं कोणी म्हणेल. ते पटत नाही. याच आराखड्यावर बांधलेलं जोड जहाज, १९९१ चं ‘रीगल प्रिन्सेस’, त्याच कोरोनाच्या तडाख्यातून वाचलं आणि २०२२ पासून ‘अँबियन्स’ नावाने इंग्लंडहून फेऱ्या मारू लागलं. पोलाद तेच, गोदी तीच. कर्णिकेला बुडवलं ते वयाने नाही, मागे पुरेसं भांडवल नसण्याने.

हे आज आठवायचं कारण, केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं आणि बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल उभं राहिलं. चांगलंच झालं. पण टर्मिनलच्या काचा चकाकल्या म्हणून धंदा टिकत नाही. मंदीची दोन वर्षं सोसण्याची ऐपत नसलेली कंपनी आली, तर पहिला फटका बसतो तो खाली इंजिनरूममध्ये आणि भटारखान्यात राबणाऱ्यांना. खलाशांना वाऱ्यावर सोडलं गेलं तर चार महिन्यांपर्यंतच्या थकीत पगाराची आर्थिक हमी जहाजमालकाने आधीच दिलेली असावी, असं आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार सांगतो आणि भारताने तो स्वीकारलेला आहे. मुंबईला तळ करू पाहणाऱ्या प्रत्येक क्रूझ कंपनीची ही हमी आणि तिचा ताळेबंद बंदर प्रशासनाने आधी तपासावा, मगच धक्का द्यावा.