गरम की गार? पोळीचा वाद आणि पानातला हिशेब

पुरणाचा स्वयंपाक असला की धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत एक ठरलेला वाद होतो. पोळी तव्यावरून थेट पानात पडली पाहिजे, असे एकाचे म्हणणे. ती निवल्याशिवाय तिला चव येत नाही, असे दुसऱ्याचे. आबांना दूध लागते, आणि तेही पोळी पूर्ण बुडेल इतके. तुपाबरोबर खाणारा माणूस पोळी खातच नाही, नुसते तूप खातो, असे त्यांचे ठाम मत. काकांना गुळवणीशिवाय चालत नाही. नातू पोळीची कड मोडून ताटात बाजूला ठेवतो आणि मधले पुरण तेवढे संपवतो. त्यावर आजीचा प्रश्न ठरलेला, ‘अरे, कडंला काय काटे हायेत का?’ शिवाय गोड पोळी येळवणीच्या तिखट आमटीत कुस्करून खाणारा एखादा प्रत्येक घरात निघतोच, आणि त्याच्याकडे बाकीचे जरा संशयानेच पाहतात.

हा वाद कोणी जिंकत नाही आणि पुढच्या सणाला तो पहिल्यापासून सुरू होतो. त्यात गंमत आहे, तशी थोडी शास्त्राची बाजूही आहे. ती पाहिली तर भांडणारे बरेच जण आपापल्या जागी बरोबर निघतात. मात्र ज्या प्रश्नावर भांडायला हवे, तो प्रश्न पंक्तीत सहसा कोणी काढत नाही.

आधी गरम की गार हा मुद्दा. जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांतला ‘टीआरपीएम ५’ नावाचा मार्ग ऊब मिळाली की जास्त जोमाने काम करतो. त्यामुळे तेवढाच गूळ गार पोळीपेक्षा कोमट पोळीत अधिक गोड लागतो. वेलची-जायफळाचा वासही उष्णतेने अधिक दरवळतो, आणि चवीचा मोठा भाग नाकातूनच कळत असतो. गरम पोळीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा भक्कम पुरावा आहे. त्यातून एक उपयोगाची गोष्टही निघते. पोळी गरमच वाढायची असेल, तर पुरणात गूळ थोडा कमी घातला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

पण हाच न्याय तिळाच्या पोळीला लागू होत नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला धाराशिव-लातूर भागातली गावे शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबिल आणि उंड्यांबरोबर तिळाची पोळी पानात येते. ती घरून बांधून आणलेली, म्हणजे गारच असते, आणि तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नसते. याचे कारण सारणात आहे. तिळगुळाच्या सारणात पाणी फार कमी असते. तव्यावर गूळ पातळ होतो आणि निवला की पुन्हा घट्ट बसतो. पारीतली वाफ निघून जाते आणि मोहनामुळे पोळी खुसखुशीत होते. गरमागरम तोडली तर ती चिवट लागते. वरून पापुद्रा निवल्यासारखा वाटला, तरी आतला वितळलेला गूळ जिभेला चिकटून चांगलाच चटका देतो. लहान मुलांच्या हातात ती दहा-पंधरा मिनिटांनीच द्यावी. थोडक्यात, पुरणाची पोळी ऊन चांगली आणि तिळाची निवलेली चांगली. दोन्ही पक्ष खरे बोलतात, फक्त वेगवेगळ्या पोळ्यांबद्दल बोलतात.

टिकण्याच्या बाबतीत मात्र हा फरक गमतीचा राहत नाही. जिवाणूंना वाढायला मोकळे पाणी लागते. तिळाच्या पोळीत ते नसल्यामुळे ती डब्यात आठवडाभर राहते. पुरण ओले असते, त्यात डाळीची प्रथिने असतात, आणि होळीच्या सुमारास इथले ऊन तापायला लागलेले असते. सकाळचे पुरण दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री खाणे म्हणजे पोटाच्या दुखण्याला आमंत्रण. आंबूस वास येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, कारण पोळी त्याआधीच बिघडलेली असू शकते. ‘परत तव्यावर टाकली की झालं’ ही समजूतही पूर्ण खरी नाही. काही जिवाणूंनी अन्नात सोडलेले विष गरम करूनही नाहीसे होत नाही. उरलेले पुरण आणि पोळ्या निवल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेल्या बऱ्या.

फ्रीजमधली पोळी चामड्यासारखी होते, ही तक्रारही रास्त आहे. शिजलेल्या पिठातले स्टार्चचे रेणू निवताना पुन्हा एकमेकांना धरून बसतात आणि फ्रीजच्या थंडाव्यात ही क्रिया सर्वांत वेगाने होते. झाकण ठेवून मंद आचेवर पोळी गरम केली की ही पकड सुटते आणि मऊपणा बराचसा परत येतो. याच क्रियेत थोडे स्टार्च पचायला अवघड बनते. त्यावरून ‘शिळी पोळी शुगरवाल्यांना चालते’ असा निष्कर्ष काढला जातो. पण तो फायदा थोडा आणि पिठापुरता आहे. पुरणातला गूळ गार झाला तरी गूळच राहतो.

आता दूध, तूप, गुळवणी आणि आमटी. दुधाने पोळी मऊ होते आणि थोडी प्रथिने पोटात जातात. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात दुधाच्या बाजूने मते जास्त पडली, तर नवल नाही. तुपामुळे जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे रक्तातली साखर थोडी हळू चढते. म्हणून ‘तूप घातलं की पोळी बाधत नाही’ असे म्हटले जाते. पण तूप साखर कमी करत नाही, ती पोहोचायला उशीर लावते इतकेच. आणि एका लहान चमच्यामागे सुमारे ४५ कॅलरी वाढवते. येळवणीच्या आमटीत डाळीतून पाण्यात उतरलेला अंश वाया न जाता पानात येतो, ही जुन्या बायकांची हुशारी. मात्र त्या आमटीत एक मेखही आहे. सलग गोड खाल्ले की जीभ लवकर कंटाळते. मधे आंबट-तिखट भुरका मारला की ती पुन्हा ताजी होते आणि आणखी एक पोळी सहज जाते. आमटीत कुस्करणाऱ्याला हसणाऱ्यांनी त्याच्या पोळ्या एकदा मोजून पाहाव्यात.

मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर हिशेब करू या. पाव किलो हरभऱ्याच्या डाळीला पाव किलो गूळ घेतला आणि दहा-बारा पोळ्या झाल्या, तर एका पोळीत २० ते २५ ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी मिळाव्यात, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हे आकडे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे एका पोळीत चांगली मर्यादा गाठली जाते आणि दोन पोळ्यांत वरची. वाटीभर गुळवणी आणि दिवसभरातला चहा यात धरलेला नाही.

‘गूळ आहे, साखर थोडीच आहे’ हे उत्तर यावर लगेच येते. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि शरीर त्याला तसेच वागवते. गुळाने रक्त वाढते, हा भरवसाही धोक्याचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यावर तपासणी, गोळ्या आणि चौरस जेवण हा उपाय आहे, गोड पोळी नव्हे.

सणाच्या पंक्तीत हा हिशेब कोणाला कडू वाटेल. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे त्या पंक्तीत एखादे तरी पान अशा माणसाचे असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला एकीकडे ‘एकानं काय होतंय’ असा आग्रह होतो आणि दुसरीकडे त्याच्या हातावर सगळ्यांची नजर असते. दोन्हींमुळे त्याचे जेवण अवघड होते. मधुमेह आटोक्यात असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर आधी भाजी-कोशिंबीर आणि आमटी, मग अर्धी पोळी, गुळवणीऐवजी साधे दूध आणि त्या जेवणात भात वगळलेला, असा मार्ग काढता येतो. ते त्याने स्वतः ठरवावे आणि बाकीच्यांनी त्यावर भाष्य करू नये.

याहून गंभीर बाब नैवेद्याच्या वेळेची आहे. कुलधर्माच्या दिवशी नैवेद्याला दुपारचा एक-दीड वाजतो आणि घरातली ज्येष्ठ मंडळी तोवर उपाशी असतात. सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी नैवेद्याची वाट न पाहता साखर किंवा गूळ तोंडात घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. सणाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना औषधाच्या वेळा विचारून घेतल्या, तर हा प्रसंग टळतो.

राहता राहिली कड. तिच्यात गूळ नसतो, नुसते गव्हाचे पीठ असते. म्हणजे नातू नेमका कमी गोड भाग टाकून देतो. आजीचे म्हणणे बरोबर आहे, कारण तिने दिलेले नसले तरी.

आणि एक मत या वादात कधी धरलेच जात नाही. गरम की गार, हा प्रश्न पाटावर बसलेल्यांना पडतो. तव्यापुढे उभ्या असलेल्या बाईला शेवटी जी उरेल ती, बहुधा गार आणि कधी फाटलेली पोळी मिळते. पुढच्या पुरणाला घरातल्या कोणी दहा मिनिटे उलथने हातात घेऊन तिला पहिल्या पंक्तीला बसवावे. तिला पोळी दुधाबरोबर आवडते की तुपाबरोबर, हे काही घरांत तेव्हाच कळेल.