तालमीचें दार सर्वांस उघडा

व्यायाम हा पहिलवानांचा धंदा. सभ्य गृहस्थांस व घरंदाज स्त्रियांस त्याचें काय प्रयोजन, असा प्रश्न आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत आजहि ऐकूं येतो. या समजुतीपायीं आपण किती आयुष्य गमावितों, याचा हिशेब एकदां मांडलाच पाहिजे.

१९५३ सालीं डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां दुमजली गाडीचा जिना दिवसभर चढणाऱ्या वाहकांस हृद्रोग कमी होतो, असें त्यांस आढळलें. एका साक्षीवर निकाल देऊं नये, हें आम्ही जाणतों. परंतु पुढील सत्तर वर्षांच्या संशोधनानें हीच साक्ष दृढ केली आहे. श्रम करणारा स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतो, म्हणून मधुमेहास आळा बसतो. रक्तदाब उतरतो, झोंप लागते, मन प्रसन्न राहतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम व मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें व्यायाम सांगितला आहे. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास झपझप चाललें, तरी प्रौढांचा किमान हप्ता फिटतो.

कोणी म्हणेल, कापूस वेंचणाऱ्या व पाणी वाहणाऱ्या शेतकरणीस आणखी व्यायाम कशाला? आक्षेप रास्त आहे. तिला विश्रांति व सकस अन्न हवें, उपदेश नको. परंतु शाळेंतून आल्यावर उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारी मुलगी, गादीवर दिवस काढणारा व्यापारी, खुर्चीस खिळलेला कारकून आणि आम्हां वकिलांचा वर्ग, यांस ही सबब सांगतां येणार नाहीं.

हा मार्ग वऱ्हाडास नवा नाहीं. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, व १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिक समयीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें जगास दाखविलीं. परतंत्र देशाच्या तरुणांनीं एवढें केलें. स्वतंत्र देशाच्या नागरिकांस सकाळचा अर्धा तास काढवत नाहीं काय?

जिजाऊंचें जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यांत आहे. १२ जानेवारीस तेथें जयजयकार करावा आणि गांवच्या तालमींत मुलीनें पाऊल टाकतांच भुंवया चढवाव्या, ही विसंगति आम्हांस असह्य वाटते. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालमीनें स्त्रियांकरितां एक व वृद्धांकरितां एक वेळ राखून ठेवावी; ग्रामपंचायतीनें फिरण्याच्या रस्त्यावर दिवा लावावा; शाळेनें खेळाचा तास गणितास देऊं नये. यास मोठा खर्च नाहीं; इच्छा मात्र पाहिजे.

शनिवारीं मारुतीस तेल वाहावें आणि शेजारची तालीम ओस ठेवावी, यास भक्ति म्हणत नाहींत.